खरेदी बोर्डाची, नारळ मॅनेजरला

डगआऊट (धागालेखक)

सप्टेंबर २०२२ चा पहिला आठवडा. १ तारखेला ट्रान्स्फर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद होता होता चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबने बार्सिलोनाकडून स्ट्रायकर ऑबामेयांगला उचललं. वय ३३, पण चेल्सीचा मॅनेजर थॉमस टुखेलला तो हवा होता. डॉर्टमुंडला असताना दोघांचं चांगलं जमलं होतं. ६ तारखेला ऑबामेयांग दुखावलेल्या जबड्यावर मुखवटा चढवून झाग्रेबमध्ये चेल्सीकडून पहिल्यांदा उतरला. चेल्सी १-० ने हरली. ७ तारखेला सकाळी टुखेलला नारळ.

म्हणजे ज्याच्यासाठी खेळाडू आणला तोच सहा दिवसांत घरी. पुढे आलेल्या ग्रॅहम पॉटरला असला स्ट्रायकर नको होता. फेब्रुवारीत चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या) यादीतून ऑबामेयांगचं नाव गळलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये पॉटरही गेला. त्या उन्हाळ्यात चेल्सीने २५ कोटी पौंडांच्या वर उधळले होते, जानेवारीत त्याहून जास्त. आणि उन्हाळ्यात स्पोर्टिंग डायरेक्टरचा, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणाऱ्याचा, हंगामी कारभार कोण बघत होतं? स्वतः सहमालक टॉड बोली. ते मात्र खुर्चीत कायम.

माझं म्हणणं नीट वाचा, नाहीतर प्रतिसादांत भलतंच भांडण सुरू होईल. पैसा मालकाचा, तेव्हा शेवटचा शब्दही त्याचाच असणार, यावर माझा वाद नाही. वाद जबाबदारीचा आहे. खेळाडू कोणता घ्यायचा हे पाच जणांनी बंद खोलीत ठरवायचं, आणि तो चालला नाही की दर तीन दिवसांनी पत्रकारांसमोर बसणाऱ्या एकट्या माणसाने त्याची उत्तरं द्यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मँचेस्टर युनायटेडचं २०१३ घ्या. मॅनेजर फर्ग्युसन गेले हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच वेळी डेव्हिड गिलही गेले हे लोक विसरतात. वाटाघाटी करणारा माणूसच गेला. त्यांच्या जागी एड वुडवर्ड. हे बँकिंगमधून आलेले. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला त्या व्यवहारात सल्लागार होते. पहिल्या विंडोत काय झालं? एव्हर्टनच्या फेलायनीच्या करारात कलम होतं: जुलै संपेपर्यंत २ कोटी ३५ लाख पौंड मोजा आणि घेऊन जा. युनायटेडने ती मुदत जाऊ दिली आणि २ सप्टेंबरला, शेवटच्या काही तासांत, २ कोटी ७५ लाखांना तोच खेळाडू घेतला. ४० लाख पौंड निव्वळ उशिरापायी. पुढच्या एप्रिलमध्ये फर्ग्युसनच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयेसना काढलं. करार सहा वर्षांचा होता. वुडवर्ड त्यानंतर आणखी तीन मॅनेजर बघून मग गेले.

तुमच्याकडची उदाहरणं टाका. मेस्सी की रोनाल्डो यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

---

बेंचवरचा

वाचतोय. टुखेलचं वाचून पुन्हा डोकं फिरलं. सव्वा वर्षापूर्वी ज्याने युरोप जिंकून दिला त्याला असं?

---

सेट_पीस

डगआऊट, लेख चांगला आहे पण एकतर्फी आहे.

फेलायनीचंच बघा. मॉयेस एव्हर्टनहूनच आले होते ना? अकरा वर्षं तिथे होते. आपल्याच खेळाडूच्या करारातलं कलम त्यांना माहीत नसेल? मग जुलैत त्यांनी टेबलावर हात का आपटला नाही? सगळं वुडवर्डच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

आणि मुळात मॅनेजरच्या हातात खरेदी देणं हे धोक्याचं आहे. इंग्लंडमध्ये मॅनेजर सरासरी किती टिकतो ते बघा. दोन वर्षं टिकला तर पुष्कळ. खेळाडूचा करार पाच वर्षांचा. म्हणजे दोन वर्षांच्या पाहुण्याने पाच वर्षांचं कर्ज करून जायचं? पुढचा येणार, तो म्हणणार हे माझ्या पद्धतीत बसत नाहीत, मला नवे द्या. असे क्लब बुडालेत.

लिव्हरपूल, २०१५. मॅनेजर ब्रेंडन रॉजर्सना बेंटेके हवा होता, ट्रान्स्फर कमिटीला फिर्मिनो. दोघेही आले. बेंटेके ३ कोटी २५ लाखांना, फिर्मिनो साधारण २ कोटी ९० लाखांना. रॉजर्सनी फिर्मिनोला उजव्या बाजूला नेऊन उभं केलं. बेंटेके वर्षभरात विकला गेला. फिर्मिनो आठ वर्षं राहिला, चॅम्पियन्स लीग आणि लीग दोन्ही जिंकून गेला. इथे बोर्डरूम बरोबर होती की नाही? त्या कमिटीला तेव्हा वर्तमानपत्रांनी काय काय शिव्या घातल्या होत्या!

दोन वर्षांनी तेच. रॉजर्सनंतरचा मॅनेजर क्लॉपच्या मनात युलियन ब्रान्ट होता. स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि खेळाडू हेरणारी स्काउट मंडळी सालाहवर अडून बसली. क्लॉपने ऐकलं. पहिल्याच मोसमात सालाहचे लीगमध्ये ३२ गोल. ३८ सामन्यांच्या मोसमातला तेव्हाचा विक्रम.

---

चेंडूवरचा_कोंबडा

"क्लॉपने ऐकलं". तिथेच तर घोडं पेंड खातं. एडवर्ड्सने क्लॉपला पटवलं. आमच्याकडे टॉटनहॅमला तेव्हाचे अध्यक्ष लेव्हीसाहेब पटवत बसत नसत.

२०१८ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमने एकही खेळाडू घेतला नाही. एकही. प्रीमियर लीगमध्ये विंडोची पद्धत आल्यापासून उन्हाळ्यात असं कोणी केलं नव्हतं. मग जानेवारीतही शून्य. कारण काय, तर नवीन स्टेडियम. त्याच संघाला मॅनेजर पोचेटिनोने १ जून २०१९ ला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेऊन उभं केलं. नोव्हेंबरमध्ये पोचेटिनोची गच्छंती. मग मोरिन्यो. त्याला लीग कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असताना काढलं आणि २९ वर्षांच्या रायन मेसनला मँचेस्टर सिटीसमोर उभं केलं. हरलो, अर्थात.

२०२५ मध्ये पोस्टेकोग्लूने युरोपा लीग जिंकून दिली, १७ वर्षांनी पहिला करंडक. सोळा दिवसांत तोही गेला. लीगमध्ये १७ वे आलो होतो हे मान्य. पण मला सांगा, तो संघ बांधला कोणी?

---

ताळेबंद

मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून जरा वेगळ्या बाजूने. तुम्ही सगळे "बोर्डाला हा खेळाडू आवडतो, मॅनेजरला तो" अशा भाषेत बोलताय. गेल्या काही वर्षांत बोर्डरूममधली चर्चा बरीचशी आवडीनिवडीची राहिलेलीच नाही. ती वार्षिक हिशेबाच्या शेवटच्या तारखेची आहे. बहुतेक इंग्लिश क्लबांची ती ३० जून.

थोडक्यात सांगतो. क्लबने खेळाडू १० कोटींना घेतला, करार पाच वर्षांचा, तर वर्षाला २ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत ४ कोटी उरते. तेव्हा तो ५ कोटींना विकला तर १ कोटी नफा दिसतो, जरी प्रत्यक्षात निम्मे पैसे बुडालेले असले तरी. आता क्लबच्या ॲकॅडमीतून आलेल्या पोराची पुस्तकातली किंमत शून्य. त्याला ५ कोटींना विकलं की ५ च्या ५ कोटी नफा, आणि तोही सगळा त्याच वर्षी. म्हणून घरचं पोर आधी विकायचं. मॅनेजरला तो कितीही हवा असो, चाहत्यांनी त्याच्या नावाची गाणी रचलेली असोत.

प्रीमियर लीगच्या नियमाने तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा. त्याच्या वर गेलात की गुण कापले जाणार. न्यूकॅसलने जून २०२४ मध्ये एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला तो याच पायी. पोरगा तिथलाच, ॲकॅडमीतला. मॅनेजर एडी हाऊला तो विकायचा होता असं कोणी म्हणणार नाही. त्याच वेळी फॉरेस्टकडून गोलकीपर व्लाखोदिमोस न्यूकॅसलला आला आणि नंतर जवळपास खेळलाच नाही. हा गोलकीपर कोणत्या मॅनेजरने मागितला होता, ते तुम्हीच ठरवा.

चेल्सीने एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार दिला तेही याच गणितातून. १०.६८ कोटी पौंड साडेआठने भागा: वर्षाला साधारण १.२६ कोटी. पाचने भागले असते तर २.१४ कोटी. पुढे युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) आणि मग प्रीमियर लीगनेही हिशेबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली, ती पळवाट बुजली. पण साडेआठ वर्षांचा करार देताना २०३१ मध्ये मॅनेजर कोण असेल याचा विचार कुणी केला असेल, असं वाटतं का?

---

बेंचवरचा

ताळेबंद, पहिल्यांदा नीट कळलं. आणखी लिहा ना. फॉरेस्टचे चार गुण कापले ते याच नियमात का?

---

ताळेबंद

हो, मार्च २०२४. आणि तो तर बोर्डरूमच्या निर्णयाचा इतका स्वच्छ नमुना आहे की शिकवायला घ्यावा.

त्यांची तोट्याची मर्यादा ६.१ कोटी पौंडांची होती, कारण तीनपैकी दोन वर्षं ते खालच्या विभागात होते. ती त्यांनी ३.४५ कोटींनी ओलांडली. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन होता, ॲकॅडमीतला, म्हणजे सगळाच्या सगळा नफा. ३० जून २०२३ च्या आत विकला असता तर प्रश्नच मिटला असता. पण तेव्हा भाव कमी येत होता. बोर्डाने थांबायचं ठरवलं. १ सप्टेंबरला टॉटनहॅमने ४.७५ कोटी दिले. फॉरेस्टने सुनावणीत सांगितलं की आम्ही थोडक्यात हुकलो, दोन महिन्यांचाच फरक, आणि थांबल्याने क्लबचा फायदाच झाला. आयोगाने ते मानलं नाही. मुदत म्हणजे मुदत.

धंदा म्हणून बघाल तर बोर्डाचं चुकलं नाही, जास्त पैसे मिळाले. गुण कापले गेले ते मात्र मॅनेजर नुनोच्या संघाचे, आणि तो तर क्लबमध्ये आला डिसेंबर २०२३ मध्ये! जॉन्सन गेला तेव्हा तो तिथे नव्हताच.

---

डगआऊट

ताळेबंद, हे मी मूळ धाग्यात घालायला हवं इतकं चपखल आहे. जो डिसेंबरात आला त्याने मागच्या जूनच्या निर्णयाचे चार गुण फेडायचे.

---

मिडफिल्डमधली

इंग्लंडच्या बाहेरही बघा की. सगळे प्रीमियर लीगमध्येच अडकलात.

रेआल माद्रिदमध्ये अध्यक्ष निवडून येतो. सभासद मत देतात. त्यामुळे तिथे खेळाडूची खरेदी हा सरळ सरळ निवडणुकीचा जाहीरनामा असतो. २००० साली लोरेन्झो सान्झ अध्यक्ष होते. दोन वर्षांच्या अंतराने दोन चॅम्पियन्स लीग आणल्या होत्या, दुसरी तर त्याच मे महिन्यात. जुलैच्या निवडणुकीत हरले! कारण फ्लोरेन्तिनो पेरेझ म्हणाले, मी बार्सिलोनाचा फिगो आणून दाखवतो. आणला.

मग २००३. प्रशिक्षक डेल बोस्केंनी लीग जिंकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की करार वाढवत नाही. साडेतीन वर्षांत दोन चॅम्पियन्स लीग आणि दोन लीग जिंकून देणारा माणूस. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि माकेलेले चेल्सीला गेला. बेकहॅम कोणत्या प्रशिक्षकाने मागितला होता? त्याच्या जागी खेळायला फिगो होताच. माकेलेलेचं काम असं की तो असताना दिसत नाही, गेल्यावर दिसतं. जर्सी विकायला त्याचा उपयोग नव्हता. पुढची लीग यायला २००७ उजाडलं, तोवर पेरेझ राजीनामा देऊन बाहेर पडले होते (आणि २००९ मध्ये परत आले, तो भाग वेगळा).

डगआऊट, तुमच्या जबाबदारीच्या मुद्द्याला जोडून. बायर्न म्युनिकने मार्च २०२३ मध्ये प्रशिक्षक नागेल्समनला काढलं तेव्हा लीगमध्ये डॉर्टमुंडपेक्षा एकच गुण मागे होते, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत होते. तो निर्णय घेणारे बोर्डातले ऑलिव्हर कान आणि सालिहामिजिच. २७ मे ला बायर्नने शेवटच्या दिवशी लीग जिंकली, आणि त्याच दिवशी या दोघांनाही काढलं. करंडक हातात असताना. म्हणजे बोर्डातल्या माणसाला घरी पाठवता येतं, पाठवायची इच्छा हवी.

---

सेट_पीस

ताई, बायर्नचं उदाहरण भारी आहे. पण तिथे वर पर्यवेक्षक मंडळ आहे, आणि क्लबची बहुसंख्य मालकी सभासदांची. ग्लेझरांच्या वर कोण आहे? कोणी नाही.

---

जुना_स्कार्फ

पोरांनो, तुम्ही हे सगळं काल सुरू झाल्यासारखं बोलताय. १९६३ पर्यंत इंग्लंडचा राष्ट्रीय संघ एक निवड समिती ठरवायची. वॉल्टर विंटरबॉटम नावाला मॅनेजर, अकरा जण निवडणार समितीतली क्लबवाली मंडळी. आल्फ रॅमसे आले ते याच अटीवर की संघ मी एकटा निवडणार. तीन वर्षांनी विश्वचषक. तेव्हा बोर्डरूमची लुडबुड ही जुनीच सवय आहे. मधली तीस-चाळीस वर्षं काही जबरदस्त माणसांनी ती दाबून धरली होती, इतकंच. ब्रायन क्लफने डर्बीत असताना १९७१ मध्ये कॉलिन टॉडला १ लाख ७५ हजार पौंडांना घेतलं तेही अध्यक्षाला न विचारता. अर्थात अध्यक्षाशी भांडूनच १९७३ मध्ये बाहेर पडावं लागलं.

पण मला सांगायचंय ते कीगनचं. कारण बाकी सगळीकडे "असं म्हणतात", "असं कळतं" असतं. कीगनच्या प्रकरणात लवादाचा लेखी निकाल आहे.

केव्हिन कीगन जानेवारी २००८ मध्ये न्यूकॅसलला परत आले. मालक माईक ॲशली. थोड्याच दिवसांत डेनिस वाईज यांना वरच्या पदावर आणलं, खेळाडू शोधायला. ऑगस्टच्या अखेरीस वाईजनी कीगनना फोन केला: एक चांगला खेळाडू आहे, नाचो गोन्झालेझ, बघून घ्या. कीगननी इंटरनेटवर शोधलं, काही सापडेना. मग सांगण्यात आलं, यूट्यूबवर आहे, तिथे बघा. बघितलं, पटलं नाही, नको म्हणाले. क्लबमधल्या कोणीही त्या खेळाडूला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नव्हतं. तरी घेतला. का? लवादापुढे क्लबनेच सांगितलं की दक्षिण अमेरिकेतल्या दोन वजनदार एजंटांवर उपकार करायचे होते, पुढे त्यांच्याकडून चांगले खेळाडू मिळावेत म्हणून. व्हॅलेन्सियाकडून उसना आणलेला खेळाडू, पण पगारापोटी जवळपास १० लाख पौंड गेले. खेळला किती? बदली म्हणून दोनदा.

कीगननी ४ सप्टेंबरला राजीनामा दिला. खेळाडूंबाबत शेवटचा शब्द त्यांचा असेल असं ठरलेलं होतं, हे लवादाने मान्य केलं आणि २० लाख पौंड भरपाई दिली. त्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग वेगळाच. क्लब पत्रकारांना वारंवार सांगत होता की अंतिम निर्णय कीगनचाच. लवादापुढे म्हणाला, ते खरं नव्हतं, ती केवळ जनसंपर्काची भाषा होती!

आणि आदल्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, वेस्ट हॅममधून ॲलन कर्बिशली बाहेर पडले होते. त्यांच्या मनाविरुद्ध जॉर्ज मॅकार्टनीला संडरलंडला विकलं म्हणून. तेही जिंकले. एका आठवड्यात दोन मॅनेजर, एकच तक्रार, दोघांच्याही बाजूने निकाल.

---

चेंडूवरचा_कोंबडा

काका, यूट्यूबचा किस्सा मी इतकी वर्षं अफवा समजत होतो.

---

शून्य_शून्य

+१ जुना_स्कार्फ. धागा वाचनखूण करून ठेवला.

अवांतर: हल्ली यूट्यूब सोडा, काही मालक व्हिडिओ गेमचे आकडे बघून खेळाडू घेत असतील असं वाटतं.

---

सेट_पीस

कीगनचं प्रकरण लाजिरवाणंच आहे. पण त्यावरून "बोर्डाने हात लावू नये" असा निष्कर्ष निघत नाही. वाईज वाईट होते असा निघतो.

उलट बाजू सांगतो. ब्रेंटफर्ड, फेब्रुवारी २०१५. दुसऱ्या विभागात असूनही संघ वरच्या शर्यतीत, आणि क्लबने जाहीर करून टाकलं की मॅनेजर मार्क वॉरबर्टन मोसमाअखेर जाणार. कारण मालक मॅथ्यू बेनम यांना खेळाडू निवडीत आकडेवारीला मान हवा होता आणि अंतिम शब्द एकट्या मॅनेजरकडे नको होता. वॉरबर्टनना ते मंजूर नव्हतं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. वॉरबर्टन प्लेऑफपर्यंत (वरच्या विभागात जाण्यासाठीच्या बाद सामन्यांपर्यंत) गेले. त्यांच्या जागी आणलेला माणूस तर सप्टेंबरमध्येच काढावा लागला, तेव्हा हसणाऱ्यांना आणखी जोर आला. पण पद्धत बदलली नाही. २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आले ते अजून आहेत.

ब्रायटनही तसंच. पॉटरला चेल्सीने नेलं, भरपाई म्हणून २ कोटी पौंडांच्या वर मोजले. डे झर्बी आला, सहावा क्रमांक, क्लब पहिल्यांदा युरोपात. कायसेदोला साधारण ४५ लाखांना आणलं, १० कोटी अधिक दीड कोटीला चेल्सीला विकलं. मॅनेजर बदलतात, यादी तयार असते. मला तरी हाच शहाणपणा वाटतो.

---

डगआऊट

सेट_पीस, तुमच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे आणि तुम्ही ती सोडून दिलीत. बेनम आणि ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांनी येणाऱ्याला आधीच सांगितलं होतं: यादी आमची, खेळवायचं तुम्ही. वॉरबर्टनना पटलं नाही, ते गेले. कोणी कोणाला फसवलं नाही. यादी चुकली तर मालक मॅनेजरचा बळी देत नाही. थॉमस फ्रँकने २०१८ मध्ये ब्रेंटफर्डची सूत्रं घेतली तेव्हा पहिल्या दहापैकी आठ सामने हरला होता. टिकवला. कारण काय बघायचं हे त्यांना माहीत होतं.

माझी तक्रार अर्ध्यामुर्ध्या कारभाराबद्दल आहे. युनायटेडचं ताजं बघा. मे २०२४ मध्ये मॅनेजर टेन हागने एफए कप जिंकला. नव्या व्यवस्थापनाने बदली माणूस शोधून पाहिला, सापडला नाही, मग जुलैत यालाच करार वाढवून दिला. उन्हाळ्यात २० कोटींच्या आसपास खर्च. २८ ऑक्टोबरला काढलं. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काढण्यापायी १.०४ कोटी पौंड. ज्या स्पोर्टिंग डायरेक्टरसाठी, डॅन ॲशवर्थसाठी, न्यूकॅसलशी महिनोन्‌महिने भांडले तो पाच महिन्यांत बाहेर, त्याचे ४१ लाख. त्याच वर्षी काटकसर म्हणून क्लबच्या अडीचशे कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तिकीट तपासणाऱ्या पोरीचा यात काय दोष होता?

---

मिडफिल्डमधली

ॲशवर्थ बोर्डरूममधलाच होता ना? म्हणजे तिथलाही माणूस जातो की.

---

डगआऊट

जातो, पण पगारी. मालक नाही.

---

ताळेबंद

मध्येच एक नमुना टाकतो, कारण यापेक्षा टोकाचं मला माहीत नाही. जून २०२०, हिशेबाचं वर्ष संपायला एक-दोन दिवस. बार्सिलोनाने आर्थरला युव्हेंटसला ७.२ कोटी युरोंना विकलं आणि त्याच वेळी युव्हेंटसकडून मिरालेम पियानिचला ६ कोटींना घेतलं. २३ वर्षांचा देऊन ३० वर्षांचा घेतला. प्रत्यक्ष रोख फरक थोडासा. पण दोन्ही क्लबांच्या वहीत त्याच वर्षी मोठा नफा उमटला, कारण विक्रीचा नफा लगेच धरतात आणि खरेदीचा खर्च पुढच्या चार-पाच वर्षांवर पसरतात.

कोविडमुळे मोसम ऑगस्टपर्यंत लांबला होता, म्हणून दोघांनी आधी आपापल्या जुन्या क्लबात तो पूर्ण करायचा असं ठरलं. ८ ऑगस्टला युव्हेंटसने सारीला काढलं. १७ ऑगस्टला बार्सिलोनाने सेतियेनला. दोन्ही खेळाडू नव्या क्लबात चेंडूला पाय लावायच्या आत दोन्ही प्रशिक्षक गायब! या व्यवहारात प्रशिक्षकाचं मत कुठे बसतं, सांगा. पियानिच वर्षभरात बेशिक्ताशला उसना गेला.

युव्हेंटसला पुढे अशाच फुगवलेल्या नफ्यांच्या प्रकरणात २०२२-२३ च्या मोसमात शेवटी दहा गुण गमवावे लागले. अख्खं संचालक मंडळ त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, राजीनामा देऊन मोकळं झालं होतं.

---

सेट_पीस

हे भयंकर आहे, मान्य.

---

मिडफिल्डमधली

आणि त्याच बार्सिलोनाने जानेवारी २०२० मध्ये प्रशिक्षक वाल्व्हेर्देला काढलं होतं तेव्हा संघ लीगमध्ये पहिला होता. पहिला! त्यापूर्वी नेमारचे २२.२ कोटी युरो आले ते डेम्बेले आणि कुटिन्योवर गेले, मग ग्रीझमनला १२ कोटी. तरी अध्यक्ष बार्तोमेऊंना जावं लागलं ते निवडणुकीच्या व्यवस्थेमुळेच. अविश्वास ठरावासाठी साडेसोळा हजार सह्या हव्या होत्या, वीस हजारांवर आल्या. मतदान व्हायच्या आत, ऑक्टोबर २०२० मध्ये, सगळ्या मंडळाने राजीनामा दिला. इंग्लंडमध्ये चाहत्यांनी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलायला लावला, मे २०२१ मध्ये. ग्लेझर आजही आहेत.

---

बेंचवरचा

इंग्लंडमध्ये आता सरकारी रेग्युलेटर आलाय ना? २०२५ मध्ये कायदा झाला. तो काही करेल का?

---

ताळेबंद

मालक लायक आहे का, क्लब बुडणार तर नाही ना, मैदान किंवा क्लबचे रंग कोणी परस्पर बदलत नाही ना, हे तो बघेल. कोणता खेळाडू घेतला आणि कोणाला काढलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नसावंच.

---

चेंडूवरचा_कोंबडा

मग मॅनेजरने करारातच लिहून घ्यावं ना, शेवटचा शब्द माझा म्हणून. कीगन आणि कर्बिशली जिंकले की.

---

जुना_स्कार्फ

जिंकले म्हणूनच आता कोणी लिहून देत नाही, कोंबडेबुवा. त्या दोन निकालांनंतर क्लबांच्या वकिलांनी एवढं काम मात्र चोख केलं. बहुतेक मोठ्या क्लबांत आता नेमणूक हेड कोच म्हणून होते: सराव घ्या, संघ निवडा, पत्रकारांना सामोरे जा. खरेदीत तुमचं मत विचारलं जाईल, बस्स. त्यामुळे उद्या कोणाच्या गळ्यात यूट्यूबवरचा गोन्झालेझ मारला, तर त्याला राजीनामा देता येईल, पण लवादाकडे जायला कागद नसेल.

---

सेट_पीस

काका, पण सही करताना त्याला हे माहीत असतं. नको असेल तर नाही म्हणावं, वॉरबर्टनसारखं.

---

जुना_स्कार्फ

वॉरबर्टनना पुढे लगेच स्कॉटलंडच्या रेंजर्सने बोलावलं रे. ज्याला कोणी बोलावत नाही तो सही करतो.